ओणम, श्रावण आणि एकच ओटा (सल्ला हवा आहे)

अळूवडी | ९ ऑगस्ट, रात्री १०.४०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. प्रश्न घरगुती आहे. हसायचं तर हसा, पण उत्तरही द्या.

आम्ही सहकारनगरला राहतो. घरात मी, हे, मुलगा आणि सून. सून तलश्शेरीची, म्हणजे उत्तर केरळातली. हिंजवडीत दोघांची ओळख झाली आणि २०२३ च्या डिसेंबरात लग्न. मुलगी गुणी आहे हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही धागा भलतीकडे नेता.

आमचा गणपती दहा दिवसांचा. २०२४ ला गणपती बसले ७ सप्टेंबरला आणि ओणम आलं १५ ला, अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी. सुनेचं सासरचं पहिलं ओणम, म्हटलं साग्रसंगीत करू. "आई, सद्या करू या," ती म्हणाली. सद्या म्हणजे त्यांचं केळीच्या पानावरचं सणाचं जेवण. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "सध्या काय करायचंय?" तेव्हापासून आमच्या घरी त्या जेवणाला ‘सध्या’च म्हणतात.

पहिल्या वर्षीचा घोळ माझा. ती अवियल करत होती. सुरण, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा, पडवळ, कोहळा, सगळं बोटाएवढं लांब चिरलेलं. नारळ-जिरं-मिरची भरड वाटून लावलेली. ती आंघोळीला गेली. मी झाकण काढून पाहिलं तर भाजी पांढरीफटक. मला वाटलं पोरगी फोडणी विसरली. मी आपलं शेंगदाण्याचं तेल तापवलं, मोहरी, हिंग, हळद, वरून ओतली चर्र करून. ती बाहेर आली, पातेल्यात बघितलं आणि काही बोलली नाही. ते न बोलणं मला दोन दिवस पुरलं.

मग कळलं की अवियलला फोडणीच नसते. गॅस बंद करून कच्चं खोबरेल आणि कढीलिंब घालायचा नि झाकायचं, बस. आता आमच्याकडे खोबरेल म्हणजे न्हाणीघरातली वस्तू. २०२५ ला तिच्या पद्धतीने झालं, तर ह्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "माझ्या आईच्या वेणीचा वास येतोय." तक्रार होती की कौतुक, अजून ठरलेलं नाही. दोनदा वाढून घेतलं एवढं खरं.

तिनेही सोसलंय बरं. तिकडे कोळुक्कट्टा करतात, म्हणजे आपल्या उकडीच्या मोदकाचंच सारण, तीच तांदळाची उकड, फक्त गोल गोळा, पाकळ्या नाहीत. पहिल्या वर्षी तिने गोळे वळले, मी म्हटलं "बाप्पाला असे नाही चालत". आता वाटतं, का म्हटलं? माझ्या स्वतःच्या मोदकाला सात पाकळ्यांच्या वर कधी आल्या नाहीत, आणि त्याही वाफ लागली की झोपतात.

तर मुख्य प्रश्न. यंदा ओणम २६ ऑगस्टला, बुधवारी. गणपती १४ सप्टेंबरला. म्हणजे गणपतीतून सुटलो, पण सापडलो श्रावणात! आणि यंदा व्याही-विहीणबाई पहिल्यांदाच ओणमला पुण्यात येताहेत. मध्यंतरी सून आईशी फोनवर बोलत होती, त्यात ‘मीन करी’ एवढं मला कळलं. विचारलं तर म्हणाली, "आमच्याकडे ओणमला मासे असतातच आई, पण इथे नको." आम्ही दोघं श्रावण पाळतो. मुलगा पाळत नाही, पण घरात आणत नाही. ओटा एक, भांडी एक. पाहुण्यांच्या सणाला त्यांचा मुख्य पदार्थ नाही म्हणजे मला दिवाळीला दुसऱ्याच्या घरी जाऊन बिनफराळाचं बसल्यासारखं वाटतंय.

काय करावं?

एक अट आहे. फ्यूजन सुचवू नका. भाचीने उकडीच्या मोदकात चॉकलेट घातलं होतं ते मी अजून विसरलेले नाही.

दीडदिवसाचा | ९ ऑगस्ट, रात्री ११.०५

आमचा गणपती दीड दिवसाचा, बायको पुण्याचीच, सासुरवाडी दोन गल्ल्या सोडून. सल्ला देण्यास पूर्णपणे अपात्र. पण फोडणीचा किस्सा वाचून बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुमच्या आईनेही माझ्या आमटीत गूळ घातला होता." आता इथे वेगळाच धागा निघालाय.

पंचांगवाले_काका | १० ऑगस्ट, सकाळी ६.२०

हे दरवर्षी पुढेमागे का होतं ते सांगतो, म्हणजे पुढच्या वर्षांचीही तयारी ठेवता येईल. आपला गणपती चांद्र तिथीवर, भाद्रपद शुद्ध चतुर्थी. ओणम सौर महिन्यावर आणि नक्षत्रावर. सूर्य सिंह राशीत असतानाचा त्यांचा चिंगम महिना, आणि त्यातलं तिरुवोणम, म्हणजे आपलं श्रवण नक्षत्र. अधिक महिना आला की आपले सण उशिरा सरकतात, त्यांचा महिना जागचा हलत नाही. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ झाला, म्हणून गणपती पार १४ सप्टेंबरला. २०२३ लाही अधिक श्रावण होता, तेव्हा ओणम २९ ऑगस्ट आणि गणपती १९ सप्टेंबर. ताईंच्या सुनेचं लग्न तेव्हा झालेलं नव्हतं म्हणून वाचल्या.

अवांतर : ओणम हा बळीराजाच्या स्वागताचा सण. आपल्याकडे बायका ओवाळताना "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणतात तोच बळी. त्यांच्याकडे तो श्रवण नक्षत्रावर येतो, आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्याला. विहीणबाईंना हे जरूर सांगा.

काटेकोर | १० ऑगस्ट, सकाळी ९.१५

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. पाहुणे येतात तेव्हा यजमानांच्या घराच्या रीती पाळतात. श्रावणात मासे शिजवायचे तर मग श्रावण कशाला म्हणायचं? आज मासे, उद्या गणपतीत मटण. कुठेतरी रेघ हवी.

खारा_वारा | १० ऑगस्ट, सकाळी ९.४८

@काटेकोर, रेघ हवी, मान्य. पण ती कोणाच्या घराची? आमच्याकडे कोकणात गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. काही घरी मटण-वडे, काही घरी खेकडे. गौर माहेरवाशीण आहे, तिला तिच्या आवडीचं वाढायचं. गणपती त्याच खोलीत बसलेला असतो, मध्ये पडदा धरतात इतकंच. आम्ही काही बाटलो नाही.

आणि माशांचंच म्हणाल तर १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते. २६ ऑगस्टपर्यंत होड्या केव्हाच बाहेर पडलेल्या असतात. ताज्या मासळीची अडचण येणार नाही.

ताई, तुम्ही पाळता तर तुम्ही खाऊ नका. पण शिजवण्याला सोवळं नको. बाल्कनीत इंडक्शन ठेवा, एक कढई त्याचीच, संपलं.

काटेकोर | १० ऑगस्ट, सकाळी १०.३०

पडदा धरतात ना? मग रेघ आहेच की.

खारा_वारा | १० ऑगस्ट, सकाळी १०.३४

बरं बाबा. पडदा. ताई, बाल्कनीला पडदा लावा.

निगडीची_कुट्टी | १० ऑगस्ट, दुपारी २.१०

हा धागा माझ्यासाठीच काढलाय जणू. आईबाबा दोघं मल्याळी, बाबा नोकरीसाठी पिंपरीत आले, मी शिकले मराठी शाळेत. डब्यात पुट्टू नेला की मैत्रिणी त्याला ‘नळीचा भात’ म्हणायच्या.

मासे प्रत्येक मल्याळ्याकडे ओणमला नसतात हे आधी सांगते. आम्ही त्रिशूरकडचे, आमच्याकडे सद्या म्हणजे शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूणही जवळपास नाही. कण्णूर, तलश्शेरी, कोळिकोड भागात मात्र बऱ्याच घरी असतात. दोन्ही ‘खरं’ ओणमच.

माझा अनुभव असा की आमच्या घरात भांडण पदार्थांवरून कधी झालं नाही, झालं ते वाढण्यावरून. नवरा सदाशिव पेठेतला. सासूबाईंनी पहिल्या ओणमला माझ्या आईचं पान बघितलं आणि म्हणाल्या, "डावी बाजू, उजवी बाजू आहे की तुमच्याकडे!" पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, मीठ-लोणची-चिप्स डावीकडे, भाज्या पुढे. पहिला भात वाढायचा तो परिप्पू आणि तुपाबरोबर. परिप्पू म्हणजे घट्ट वरण. वरण-भात-तूप! त्या दिवशी सासूबाईंची खात्री पटली की मी जेवणारी माणसं असलेल्या घरातली आहे.

पुढे सांबार-भात, मग पायसम, मग रसम, शेवटी ताक. पायसम मध्येच येतं हे मात्र त्यांना आजही पटत नाही. "गोडानंतर परत आंबट?" असं दरवर्षी म्हणतात आणि दरवर्षी रसम मागून घेतात.

इंजिपुळी म्हणजे आपलं पंचामृतच समजा. तीळ-दाणे काढा, मिरची कमी करा आणि आलं भरपूर घाला. चिंच-गूळ तोच. तोरन म्हणजे खोबरं घातलेली कोबीची भाजी. पचडी म्हणजे कोशिंबीर, पण त्यात वाटलेला नारळ आणि मोहरी.

ताईंना तीन सूचना :

इंजिपुळी तीन दिवस आधी करा, मुरल्यावर चांगली लागते. केळ्याचे वेफर्स आणि शर्करा वरट्टी (गुळात घोळवलेले केळ्याचे काप) घरी करत बसू नका, पिंपरी-चिंचवडमधल्या मल्याळी दुकानांत खोबरेलात तळलेले ताजे मिळतात, आमच्यातले निम्मे लोक तेच आणतात. आणि पायसमला पिवळाधमक गूळ वापरू नका, काळसर घ्या. नारळाचं दूध तीनदा काढा. पातळ दूध आधी, घट्ट पहिलं दूध सगळ्यात शेवटी, आणि ते घातल्यावर उकळी नाही. उकळलं की फाटलं.

माशांबद्दल मी बोलणार नाही, मी त्रिशूरची. :)

रसगुल्ला_नको | १० ऑगस्ट, सायंकाळी ७.२५

नवरा बंगाली. तुमचा श्रावण परवडला. आमच्या घरी माझ्या सासूबाईंचं दुर्गापूजेचं मटण आणि माझ्या आईचे नऊ दिवसांचे घट, एकाच आठवड्यात. आई नवरात्रात आमच्याकडे येतच नाही आता. दसऱ्याला येते, श्रीखंड घेऊन. तोडगा म्हणाल तर हाच, वेगवेगळे दिवस. पण अजून रुखरुख आहे.

संक्रांत मात्र छान जमते. इकडे गूळपोळी, तिकडे नोलेन गुडाची, म्हणजे खजुराच्या गुळाची पाटीशाप्ता (सारण भरलेली धिरडी). दोघींचं गुळावरून भांडण लावून आम्ही खातो.

सोऱ्या | १० ऑगस्ट, रात्री ९.००

बायको गोव्याची, ख्रिश्चन. माझी आई दिवाळीला करंज्या करते आणि बायको नाताळात नेवऱ्या. आम्ही साचा आता माळ्यावर ठेवतच नाही, ऑक्टोबर ते डिसेंबर ओट्यावरच असतो. आई म्हणते "नेवरी म्हणजे करंजीच", बायको म्हणते "करंजी म्हणजे नेवरीच". मी दोन्हीकडे मान डोलावतो.

माशांबद्दल : मी खारा_वारा यांच्या बाजूने. मतदान असेल तर माझी दोन मतं धरा.

अळूवडी | १० ऑगस्ट, रात्री १०.५०

सगळ्यांचे आभार. @निगडीची_कुट्टी, पंचामृताचं अगदी बरोबर! मी गेल्या वर्षी इंजिपुळी चाटली आणि आजीची आठवण आली, का ते कळत नव्हतं. असंच आणखी एक, तुमच्या अवियलमधल्या बऱ्याच भाज्या आमच्या ऋषिपंचमीच्या भाजीत असतात. सुरण, पडवळ, अळू, तिखट-मसाला जवळपास नाही. मी दरवर्षी ती ‘फोडणीशिवाय’ करते आणि अवियलला मात्र फोडणी घालायला धावले. आपली ती साधी भाजी, दुसऱ्याची ती विसरलेली.

@काटेकोर, तुमचं म्हणणं माझ्या सासूबाईंच्या आवाजात ऐकू आलं. टाकून देता येत नाही. पण ती पोर दोन वर्षं माझ्या गणपतीत आरतीला टाळ वाजवतेय, नैवेद्याच्या ताटाभोवती पाणी फिरवतेय, आणि तिच्या घरच्या एका पदार्थाबद्दल "इथे नको" म्हणतेय. ते ‘नको’ मला फार शहाणं वाटतं आणि म्हणूनच आवडत नाही.

ठरवलंय. बुधवारी सद्या शाकाहारी, ओट्यावर. मासे विहीणबाईंना हवे असतील तर गुरुवारी, बाल्कनीत, इंडक्शनवर. शुक्रवारी राखी पौर्णिमा आणि जिवतीचा शुक्रवार एकत्र, म्हणजे नारळीभात आणि पुरण दोन्ही. एका आठवड्यात किती नारळ लागणार याचा हिशेब ह्यांनी मागितलाय. मी सांगितला नाही.

वाचनमात्र | ११ ऑगस्ट, सकाळी ७.३०

सात वर्षं नुसती वाचते आहे इथे, आज पहिला प्रतिसाद. २६ नंतर काय झालं ते लिहा, प्लीज.

अळूवडी | ३० ऑगस्ट, दुपारी ३.१५

मंडळी, पाहुणे काल रात्रीच्या गाडीने गेले. वृत्तांत देते.

बुधवार नीट पार पडला. केळीची पानं ह्यांनी पहाटे मार्केट यार्डातून आणली, लागणार होती आठ, आणली तीस. अवियलला मी हात लावला नाही. विहीणबाईंना मराठी येत नाही, मला मल्याळम नाही, मोडक्या हिंदीवर आणि सुनेवर काम चाललं. पंचांगवाल्या काकांची बळीची गोष्ट सांगितली. व्याही एकदम ताठ बसले, सुनेकडून ते ‘इडा पिडा’ तीनदा म्हणवून घेतलं आणि मल्याळम लिपीत वहीत उतरवलं.

गुरुवारी गंमत. मी म्हणते "मासे करा", विहीणबाई म्हणतात "नको, तुमचा श्रावण". मी म्हणते "करा हो", त्या म्हणतात "छे छे". अर्धा तास असं. शेवटी कळलं की त्यांनी यायच्या आधीच जावयाला फोन करून श्रावणाची सगळी चौकशी केली होती, आणि व्याह्यांना दम भरून ठेवला होता की मासे हा शब्द काढायचा नाही. आणि इकडे मी बाल्कनी धुऊन बसलेली! तेवढ्यात हे आणि व्याही फिरायला म्हणून गेले ते गणेश पेठेच्या मासळी बाजारातून बांगडे घेऊन आले. ह्यांनी श्रावणात बाजाराची पायरी चढली याचं मला जास्त आश्चर्य. म्हणाले, "मी फक्त पिशवी धरली होती."

@खारा_वारा, तुमच्या इंडक्शनचा पोपट झाला. विहीणबाईंनी तलश्शेरीहून येताना मातीची चट्टी आणली होती (मासे करायचे नाहीत असं ठरवून आलेल्या बाईंनी!). मातीचं भांडं इंडक्शनवर तापतच नाही. शेगडी नुसती टूं टूं करत राहिली. मग मुलाने माळ्यावरून लग्नातली एका बर्नरची शेगडी काढली आणि जोडून दिली. पडदा म्हणून जुनी नऊवारी लावली. वास शेजारच्या तीन घरांत गेला. मी आणि हे आत साबुदाण्याची खिचडी खात होतो. हे दर पाच मिनिटांनी बाल्कनीत ‘पाणी हवंय का’ विचारायला जात होते.

शुक्रवारी पूजा, नारळीभात, पुरणपोळी. पुरण जास्तच झालं. संध्याकाळी विहीणबाईंनी पातेल्यात डोकावून बोटावर घेऊन चाखलं आणि ओरडल्या, "कडला परिप्पु!" म्हणजे हरभऱ्याची डाळ. पुढचं मला कळायच्या आत त्यांनी उरलेला नारळ किसायला घेतला. पुरण पातळ दुधात सैल केलं, शेवटी घट्ट दूध, तुपात तळलेले खोबऱ्याचे काप. त्यांच्याकडे डाळ-गूळ-नारळाच्या दुधाचं प्रधमन असतं, तेच झालं ते, फक्त जायफळाच्या वासाचं. ह्यांनी तीन वाट्या घेतल्या. गुरुवारची भरपाई.

काटेकोर | ३० ऑगस्ट, दुपारी ३.४०

फ्यूजन सुचवू नका अशी अट कोणाची होती बरं?

अळूवडी | ३० ऑगस्ट, दुपारी ३.५२

हे फ्यूजन नव्हे. उरलेलं पुरण संपवणं म्हणतात याला.

वाचनमात्र | ३० ऑगस्ट, दुपारी ४.०५

प्रमाण द्या ना.

अळूवडी | ३० ऑगस्ट, दुपारी ४.३०

दोन वाट्या पुरण, दोन वाट्या नारळाचं पातळ दूध. मंद आचेवर ढवळत गुठळ्या मोडायच्या. गूळ चव बघून, पुरणात असतोच. सुंठीची चिमूट. गॅस बंद करून एक वाटी घट्ट दूध. वरून खोबऱ्याचे काप आणि पापड चुरून. पापड त्यांचा हवा, उडदाचा, फुगणारा. आपला पोह्याचा घालून पाहिला ह्यांनी. नको.